नवा ग्रुप काढायचा? आधी मतं आणा

पुण्यात आज कुणाला दर रविवारी सिंहगड चढणाऱ्यांचा ग्रुप काढायचा असेल, तर गडावर पिठलं-भाकरी समोर येईपर्यंत तो निघालेला असतो. नाव दिलं, कल्याण दरवाज्याचा फोटो लावला, साठ-सत्तर लोकांना न विचारता आत ओढलं, झालं. (त्यातले निम्मे आठवड्याभरात म्यूट करतात, तो भाग वेगळा.)

१९९० च्या दशकात यूजनेटवर, म्हणजे विषयवार ग्रुपमध्ये चर्चा चालणाऱ्या संगणकांच्या जगभरच्या जाळ्यावर, याच कामाला, सगळं सुरळीत पार पडलं तरी, दीड-दोन महिने लागायचे. लेखी प्रस्ताव, तीन-चार आठवडे जाहीर चर्चा, मग मतदान, मोजणी, निकालावर हरकती. आणि एवढं सगळं करून ग्रुप मंजूर झाला तरी तो प्रत्येक ठिकाणी दिसेलच याची हमी नाही. ऐकलं की सरकारी कचेरी आठवते. गंमत अशी की यूजनेटला कचेरीच नव्हती, आणि म्हणूनच हा सगळा खटाटोप करावा लागत होता.

यूजनेटची कल्पना १९७९ मधली. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांच्या डोक्यातून ती निघाली आणि शेजारच्याच नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या स्टीव्ह बेलोव्हिनने तिचा पहिला छोटा प्रोग्राम लिहिला. इंटरनेटचा पूर्वज असलेलं अर्पानेट तेव्हा मोजक्याच संस्थांच्या हाती होतं. बाकीच्यांकडे काय होतं? युनिक्स या प्रणालीवर चालणारं यंत्र, ते फोनला जोडणारा एक मोडेम आणि टेलिफोनची लाइन. रात्री फोनचे दर उतरले की एक यंत्र दुसऱ्याला फोन लावायचं, दिवसभरात जमलेले नवे संदेश देऊन-घेऊन लाइन सोडायचं. ते दुसरं यंत्र पुढे तिसऱ्याला फोन लावायचं. असं करत करत एका गावातला प्रश्न दोन-चार दिवसांत देशभर पोहोचायचा आणि उत्तरं उलट्या वाटेने परत यायची.

प्रत्येक संदेशावर जगात दुसरीकडे कुठेच नसेल असा एक ओळखक्रमांक असे. तोच संदेश दुसऱ्या वाटेने पुन्हा आला, तर यंत्र क्रमांक बघून म्हणणार, हा आहे माझ्याकडे, नको. तो कुठल्या कुठल्या यंत्रांवरून फिरून आला हेही वरच्या ओळीत लिहिलेलं असे. बस, एवढीच व्यवस्था. मधोमध बसलेलं मुख्य यंत्र नाही, मालक नाही, कंपनी नाही. प्रत्येक विद्यापीठात, प्रत्येक कंपनीत आपापली अख्खी प्रत.

मग अशा जाळ्यावर ‘ग्रुप’ ही चीज नेमकी कुठे राहते?

अशा प्रत्येक यंत्रावर, म्हणजे सर्व्हरवर, ‘ॲक्टिव्ह’ नावाची एक साधी फाइल असायची. एका ओळीत एक ग्रुप. आधी ग्रुपचं नाव, मग त्यातल्या सर्वांत नव्या आणि सर्वांत जुन्या संदेशाचा आकडा आणि शेवटी एकच अक्षर. ‘वाय’ असेल तर कुणीही लिहावं. ‘एम’ असेल तर लिहिलेलं आधी संपादकाकडे म्हणजे मॉडरेटरकडे ईमेलने जाणार, त्याने पसंत केलं तरच दिसणार. ‘एन’ असेल तर इथून काही टाकता येणार नाही, फक्त वाचा. ग्रुप असणं म्हणजे या फाइलमध्ये ती ओळ असणं. नवा ग्रुप काढायचा म्हणजे जगभरातल्या हजारो फाइलींमध्ये, ती यंत्रं सांभाळणाऱ्या हजारो वेगवेगळ्या ॲडमिन लोकांनी, तीच ओळ त्याच स्पेलिंगने घालायची. निम्म्यांनी घातली नाही तर ग्रुप अर्धाच आहे. तिथे लिहिलेले संदेश काही गावांना दिसतील, काहींना नाही, आणि उत्तर का येत नाही हे लिहिणाऱ्याला कळणारही नाही.

आपल्या अंगवळणी पडलेला ‘ग्रुप तयार करा’ हा प्रश्न इथे ‘सगळ्यांना पटवा’ असा होतो. यूजनेटवरच्या मतदानाकडे लोक लोकशाहीचा प्रयोग म्हणून कौतुकाने बघतात. मला ते तितकंसं खरं वाटत नाही. ते मतदान म्हणजे ॲडमिन लोकांपुढे ठेवायचा पुरावा होता, की बाबांनो, या विषयाला खरंच गिऱ्हाईक आहे, ती ओळ घाला.

सुरुवातीला पुरावा वगैरे लागत नव्हता, कारण माणसंच थोडी होती. ग्रुपची नावं ‘नेट’ने सुरू व्हायची, कुणी तरी नवं नाव सुचवायचं, कुणी आक्षेप घेतला नाही तर ते चालू व्हायचं. पण वाहतूक वाढली, तसा संदेशांचा मोठा भार काही मोजक्या यंत्रांवर येऊन पडला. लांब पल्ल्याच्या फोनचं बिल तीच भरत होती. साहजिकच त्या यंत्रांच्या ॲडमिन लोकांचा शब्द वजनदार झाला. त्यांना ‘बॅकबोन कबाल’ म्हणजे कण्यावरचं टोळकं असं नाव पडलं. ‘असं कुठलंही टोळकं अस्तित्वात नाही’ हे वाक्य पुढे कित्येक वर्षं यूजनेटवर विनोद म्हणून फिरत राहिलं. पर्ड्यू विद्यापीठातले जीन स्पॅफर्ड अधिकृत समजल्या जाणाऱ्या ग्रुपची यादी ठेवायचे आणि ती यादी बघून बाकीचे आपल्या फाइली दुरुस्त करायचे.

१९८६-८७ मध्ये या मंडळींनी सगळ्या ग्रुपचं नव्याने बारसं केलं. त्याला ‘ग्रेट रिनेमिंग’ म्हणतात. संगणकाचे विषय ‘कॉम्प’मध्ये, विज्ञान ‘साय’मध्ये, छंद ‘रेक’मध्ये, समाज-संस्कृती ‘सॉक’मध्ये, खुद्द यूजनेटचा कारभार ‘न्यूज’मध्ये, कुठेच न बसणारं ‘मिस्क’मध्ये आणि न संपणारी भांडणं ‘टॉक’मध्ये. १९९५ मध्ये ‘ह्युमॅनिटीज’ हा आठवा विभाग आला, तेव्हापासून ‘बिग एट’. हे वर्गीकरण ग्रंथालयशास्त्रातून आलं असं समजू नका. त्यामागे बिल होतं. एखाद्या ॲडमिनला, विशेषतः समुद्रापार युरोपात, ‘टॉक’मधल्या वादावादीसाठी पैसे मोजायचे नसतील, तर एका फटक्यात अख्खा विभाग बंद करता यावा, ही सोय होती. म्हणून ग्रुप कुठल्या विभागात बसतो, यावर तो किती ठिकाणी पोहोचणार हे ठरायचं.

हे लक्षात घेतलं की १९८९ चा मत्स्यालयाचा वाद समजतो, एरवी तो वेड्यांचा बाजार वाटतो. घरी काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्यांना ग्रुप हवा होता. छंद असल्यामुळे जागा उघडच ‘रेक’मध्ये. पण प्रस्ताव आला ‘साय.ॲक्वेरिया’ असा. का? कारण ‘साय’ विभाग जास्त ठिकाणी घेतला जायचा. विज्ञान म्हटल्यावर कुठला ॲडमिन बंद करेल? यावर जे रान पेटलं ते पेटलंच. मासे पाळणं हे विज्ञान कसं, इथपासून पाण्याचं रसायनशास्त्र विज्ञान नाही का, इथपर्यंत. सोयीसाठी खोट्या पत्त्यावर घर दाखवू दिलं तर उद्या सगळेच विज्ञानात घुसतील, ही जुन्या लोकांची भीती होती आणि ती अगदीच चुकीची नव्हती. शेवटी ‘साय.ॲक्वेरिया’ निघाला आणि ‘रेक.ॲक्वेरिया’सुद्धा निघाला. पुढे कित्येक वर्षं कुणी नावावरून हुज्जत घालू लागलं की जुने लोक ‘ॲक्वेरिया’ एवढं एकच नाव घ्यायचे.

आता १९९० च्या दशकाच्या मध्याला पक्की झालेली पद्धत बघू. त्यासाठी एक काल्पनिक उमेदवार घेऊ. पुण्यात वाढलेला, राजगड-तोरणा पाठ असलेला, इंजिनिअरिंग करून अमेरिकेतल्या विद्यापीठात एमएस करायला गेलेला मुलगा. साल १९९४. प्रयोगशाळेत रात्रभर यूजनेट वाचतो. त्याला सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर भटकणाऱ्यांचा ग्रुप हवाय.

पहिली पायरी आरएफडी, म्हणजे चर्चेची विनंती. हा लेखी प्रस्ताव ‘न्यूज.अनाउन्स.न्यूग्रुप्स’ या मॉडरेटेड ग्रुपकडे पाठवायचा. त्यात तीन गोष्टी लागतात. एक, नेमकं नाव. दोन, ग्रुप कशासाठी हे सांगणारा कारण-मजकूर. तीन, चार्टर म्हणजे इथे काय चालेल आणि काय नाही याची सनद. मॉडरेटेड हवा असेल तर मॉडरेटर कोण, हेही. शिवाय या विषयात ज्यांना रस असेल अशा ग्रुपमध्येही तो प्रस्ताव लावायचा, कारण त्यांच्या नकळत त्यांच्या ग्रुपमधल्या चर्चेची वाटणी व्हायला नको. मग चर्चा ‘न्यूज.ग्रुप्स’मध्ये, २१ ते ३० दिवस.

‘न्यूज.ग्रुप्स’ हे ठिकाण पुणेकरांना परकं वाटलं नसतं. तिथे कायम वस्तीला असलेली काही मंडळी होती. त्यांना माशांशी, किल्ल्यांशी, कशाशीच देणंघेणं नव्हतं. त्यांना रस नावांत. आपल्या मुलाने समजा ‘रेक.सह्याद्री’ असं नाव सुचवलं. पहिला प्रश्न येणार: सह्याद्री म्हणजे काय, हे न कळणाऱ्या ॲडमिनने ही ओळ का घालावी? नाव वाचून विषय कळला पाहिजे. दुसरा म्हणणार, डोंगरात भटकणाऱ्यांसाठी ‘रेक.बॅककंट्री’ आहे, कडे चढणाऱ्यांसाठी ‘रेक.क्लाइंबिंग’ आहे, आशियात फिरणाऱ्यांसाठी ‘रेक.ट्रॅव्हल.एशिया’ आहे. तिथे सह्याद्रीबद्दल आठवड्याला किती संदेश येतात ते दाखव. हा प्रश्न खोचक असला तरी योग्य होता. आधी जुन्या जागेत गर्दी दाखवा, मग नवी खोली मागा. तिसरा विचारणार की हे ‘सॉक.कल्चर.इंडियन’च्या पोटात का नको? यावर आपला मुलगा हात जोडणार, कारण ‘सॉक.कल्चर.इंडियन’मधली राजकीय धुळवड त्याने रोज पाहिलेली आहे. राजगडाच्या बालेकिल्ल्यावर पाणी कुठे मिळतं, एवढं विचारायला त्याला त्या धुळवडीतून जायचं नाही.

(मराठी माणसांनी ही वाट प्रत्यक्षात चोखाळलेली आहे. ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ हा ग्रुप खरोखर होता. तिथलं मराठी रोमन लिपीत, कुणी आयट्रान्स या लिप्यंतर-पद्धतीच्या नियमांनी, कुणी मनाला येईल तसं लिहीत असे. ज्ञानेश्वरी आणि थालीपीठ यांचं रोमन स्पेलिंग प्रत्येकाचं वेगळं.)

चर्चेत नाव बदललं, सनद बदलली, तर दुसरा आरएफडी. एकमत झालं, निदान आरडाओरडा ओसरला, की सीएफव्ही, मतदानाची हाक. इथे एक शहाणपणाची गोष्ट होती. मतं प्रस्तावकाने मोजायची नाहीत. १९९३ पासून ‘यूजनेट व्हॉलंटिअर व्होटटेकर्स’ नावाचा स्वयंसेवकांचा गट हे काम करायचा. विषयाशी संबंध नसलेला कुणी तरी मतमोजणी अधिकारी व्हायचा. मतदान २१ ते ३१ दिवस, फक्त त्याला पाठवलेल्या ईमेलने. ग्रुपमध्ये ‘माझं हो’ असं लिहिलेलं धरायचं नाही. एका माणसाचं एक मत, दोनदा पाठवलं तर शेवटचं धरायचं. आधीच ‘हो’ भरलेल्या मतपत्रिका मित्रांत वाटणं हा गैरप्रकार.

निकालाला दोन अटी. ‘हो’ मतं ‘नाही’पेक्षा किमान १०० ने जास्त हवीत, आणि एकूण वैध मतांत ‘हो’ किमान दोन तृतीयांश हवीत. दोन्ही एकदम. आपल्या मुलाला समजा १५० हो आणि ६० नाही पडली. टक्केवारी ७१, पण फरक ९० चा. नापास. दुसऱ्या कुणाला २६० हो आणि १४० नाही. फरक १२०, पण हो ६५ टक्के. तोही नापास. आणि कुणाला १०० हो आणि शून्य नाही पडली, तर तो पास! बहुमत मोजायचं असतं तर हे हिशोब विचित्र ठरले असते. पण शंभराची अट विचारत होती की लिहिणारे-वाचणारे पुरेसे आहेत का, आणि दोन तृतीयांशाची अट विचारत होती की या ग्रुपने कुणाचं फार बिघडतंय का.

गुप्त मतदान मुळीच नाही. निकालाबरोबर प्रत्येक मतदाराचं नाव आणि त्याने काय मत दिलं याची पूर्ण यादी जाहीर व्हायची. पाच दिवस हरकतींसाठी. माझं मत चुकीचं लावलंय, मी मत दिलंच नव्हतं, असं ज्याला म्हणायचं असेल त्याने त्या पाच दिवसांत म्हणावं. खोट्या मतांवर हाच इलाज होता आणि बऱ्यापैकी चालायचा. त्याची किंमतही होती. नाजूक विषयावरच्या ग्रुपला ‘हो’ म्हटलं की तुमचं नाव जगभरच्या सर्व्हरवर.

ज्याला विषयात रस नाही त्याने गप्प बसावं, ‘नाही’ हे मत नावाला किंवा रचनेला खरा आक्षेप असेल तरच द्यावं, अशी अपेक्षा होती. अपेक्षाच ती. देशांचे, धर्मांचे, जातींचे ग्रुप मताला आले की ‘नाही’ म्हणणाऱ्यांची रांग लागायची, आणि त्यांचा आक्षेप नावाला नसून माणसांना असायचा.

आपल्या मुलाची खरी अडचण मात्र वेगळीच आहे. राजगडाची संजीवनी माची डोळे मिटून सांगणारी, पावसाळ्यात नाणेघाटातून पोरं उतरवणारी माणसं पुण्यात आहेत. मत द्यायला ईमेल लागतो. भारतात तेव्हा अर्नेट होतं, आयआयटी आणि संशोधन संस्थांपुरतं. सामान्य माणसाला विदेश संचार निगमने इंटरनेट दिलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, तेही मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईत. पुण्याचा नंबर त्यानंतर लागला. म्हणजे सह्याद्रीच्या ग्रुपला शंभर मतं जमवायची तर ती टेक्सस, न्यू जर्सी, कॅलिफोर्नियातल्या वसतिगृहांतून. गड चढणारे इथे आणि मतदारयादी तिकडे. यूजनेटची मोजणी चोख होती, पण ज्याच्या बोटांखाली कीबोर्ड नव्हता तो तिच्यात शून्य होता.

हरला तर सहा महिने तोच प्रस्ताव पुन्हा आणायचा नाही. जिंकला तर ‘न्यूग्रुप’ नावाचा नियंत्रण-संदेश सुटणार. हा संदेश इतर संदेशांसारखाच यंत्रांवरून फिरायचा, पण त्याच्या वरच्या भागात यंत्रासाठी सूचना असायची: हा ग्रुप तुझ्या फाइलमध्ये घाल, आणि ही त्याची एका ओळीची ओळख. काही सर्व्हर ती आपोआप पाळायचे, काही ॲडमिनला नुसती ईमेल करून विचारायचे. इथेच सगळ्यात मोठं भोक होतं. असा संदेश कुणीही तयार करू शकत होता, अधिकृत माणसाचं नाव घालूनसुद्धा. खोट्या संदेशांचा त्रास वाढल्यावर १९९० च्या दशकाच्या मध्यात अधिकृत संदेशांवर पीजीपी या सांकेतिक लेखनाच्या प्रोग्रामने केलेली डिजिटल सही येऊ लागली. सही जुळली तर पाळा, नाही तर फेकून द्या.

या सगळ्याचा वैताग आलेल्यांची दुसरी वाटही होती. १९८७ मध्येच ब्रायन रीड, जॉन गिलमोर आणि गॉर्डन मॉफेट यांनी ‘आल्ट’ हा विभाग सुरू केला. अमली पदार्थांवरच्या चर्चेचा ग्रुप त्या कण्यावरच्या टोळक्याने घ्यायचा नाकारला होता, तो ‘आल्ट’मध्ये निघाला. इथे मतदान नाही, आरएफडी नाही. ‘आल्ट.कॉन्फिग’मध्ये आधी विचारून घ्यावं असा संकेत, तोही पाळला तर पाळला. परिणाम दोन्ही टोकांना दिसतो. जे विषय ‘रेक’-‘सॉक’च्या रांगेत कधीच पुढे सरकले नसते त्यांना घर मिळालं. आणि ‘आल्ट.स्वीडिश.शेफ.बोर्क.बोर्क.बोर्क’सारख्या थट्टेच्या ग्रुपनी याद्या भरून गेल्या. कित्येक ॲडमिननी ‘आल्ट’ घ्यायचंच बंद केलं किंवा विनंती आली तरच एकेक ग्रुप घालायला सुरुवात केली. आपल्या मुलाने तिकडे ‘आल्ट.सह्याद्री’ काढला असता तर एका संध्याकाळचं काम होतं. तो त्याच्या विद्यापीठाच्या सर्व्हरवर दिसला असता, पण ऑस्टिनमधल्या मित्राला दिसला असता की नाही, हे तिथल्या ॲडमिनच्या मर्जीवर.

मतांची ही पद्धत २००६ च्या सुमारास बंद झाली. तोवर यूजनेटवरची वर्दळ वेबकडे गेली होती आणि शंभर मतांचा फरक मिळवणं चांगल्या विषयालाही जड जाऊ लागलं होतं. मराठी मंडळीही केव्हाच वेबवर आली होती, ‘मायबोली’ तर १९९६ पासूनच. त्यानंतर ‘बिग-८ मॅनेजमेंट बोर्ड’ नावाचं छोटं मंडळ प्रस्ताव ऐकून, चर्चा होऊ देऊन स्वतःच निर्णय घेऊ लागलं. आरएफडी राहिला, सीएफव्ही गेला. गुगलने २२ फेब्रुवारी २०२४ पासून आपल्या ‘ग्रुप्स’मधून यूजनेटवर नवं काही टाकायची सोय काढून घेतली, तरी स्वतंत्र सर्व्हर चालू आहेत. मंडळाने आजही एखादा ग्रुप मंजूर केला, तर सही केलेला तोच न्यूग्रुप संदेश सुटतो, आणि ओळ घालायची की नाही हे प्रत्येक ॲडमिन आपलं आपण ठरवतो.